गर्भिणीचे वजन : एका चिंतेची पूर्वपीठिका

गर्भारपणात वजन किती वाढावे या प्रश्नाचे उत्तर आज प्रत्येक प्रसूतिगृहातील तक्त्यावर आकड्यांत दिलेले असते. हे आकडे जणू निसर्गानेच नेमून दिले आहेत अशी आपली समजूत सहज होते. वस्तुतः गेल्या शंभर वर्षांत ते अनेकदा, आणि कधी कधी तर परस्परविरुद्ध दिशांना, बदललेले आहेत; आणि दर वेळी त्यांच्यामागे एक निराळे भय उभे होते. एका काळी भय होते ते अपत्य मोठे होऊन बाई अडेल याचे. पुढे ते रक्तात विष साठण्याचे झाले. आता ते स्थूलतेचे आणि मधुमेहाचे आहे. काट्यावर उभी राहणारी स्त्री मात्र या तिन्ही भयांचे अवशेष एकदमच अनुभवते, कारण वैद्यकाने टाकून दिलेली मते समाजातून तितक्या लवकर जात नाहीत. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. तथापि या विषयात संज्ञांनी जेवढा घोटाळा केला आहे तेवढा क्वचितच अन्यत्र झाला असेल, आणि तेवढ्यापुरता भाषेच्या अभ्यासकाला येथे बोलण्याचा अधिकार आहे असे वाटते.

प्रारंभ आपल्याकडील जुन्या ग्रंथांपासून करणे सोयीचे होईल. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची मासानुमास वाढ सांगितली आहे. पाचव्या महिन्यात गर्भाच्या मांसाचा व रक्ताचा उपचय इतर महिन्यांच्या मानाने अधिक होतो, आणि म्हणून त्या महिन्यात गर्भिणी कृश होते, असे तेथे म्हटले आहे. सहाव्या महिन्यात गर्भाचे बल आणि वर्ण वाढतात, म्हणून आईचे बल आणि वर्ण घटतात. या विचाराची मांडणी हिशेबाच्या वहीसारखी आहे : एका खात्यावर जमा झाले ते दुसऱ्या खात्यातून वजा झाले. चिंता आहे ती आईच्या कार्श्याची; तिच्या स्थौल्याची नव्हे. त्यामुळे आहाराचा क्रमही भर घालण्याचाच आहे. पहिल्या महिन्यात नुसते दूध, नंतर मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधापासून काढलेले लोणी, आठव्यात दुधात शिजवून तूप घातलेली पेज. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर प्रबंध सादर केला, तेव्हा त्यांच्यासमोर हीच परंपरा होती.

याच प्रकरणात एक लहानसा पण फार बोलका प्रसंग आहे. सातव्या महिन्यात पोटावर, छातीवर खाज सुटते आणि त्वचेवर रेषा उमटतात. या रेषांना तेथे ‘किक्किस’ ही संज्ञा आहे. या वेळी गर्भाला केस येतात व त्यामुळे आईला दाह होतो, असे स्त्रिया म्हणतात, अशी नोंद संहिताकार करतो. आणि लगेच आत्रेयांचे मत देतो की तसे नाही, वाढत्या गर्भाच्या दाबाने दोष वर सरकतात व त्यांच्यामुळे हे होते. स्त्रियांचे मत खोडून काढण्यासाठी का होईना, पण ते नोंदले गेले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यावरील उपायांत चंदनाचा व कमळाच्या देठांचा लेप आहे, आणि आहार अल्प, गोड, थोड्या स्नेहाचा, थोड्या मिठाचा व थोड्या पाण्याचा सांगितला आहे. गर्भिणीचे पाणी व मीठ कमी करण्याची ही सूचना एका विशिष्ट तक्रारीपुरती आहे. पुढे युरोपात ती सर्वच गर्भिणींना लागू झाली. तो भाग यथावकाश येईलच.

कालिदासाची सुदक्षिणाही याच विचाराची आहे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात ती प्रथम क्षीण होते. अंगावरचे दागिने पेलवत नाहीत म्हणून मोजकेच घालते. डोहाळ्यांचा त्रास ओसरल्यावर तिचे अवयव भरू लागतात, आणि जुनी पाने गळून नवी फुटलेल्या वेलीसारखी ती शोभू लागते. अंग भरणे हे येथे संकट टळल्याचे चिन्ह आहे.

‘डोहाळा’ या शब्दाकडेही थोडे पाहिले पाहिजे. सुश्रुताने चौथ्या महिन्यातील गर्भिणीला ‘द्विहृदया’ म्हटले आहे, कारण गर्भाचे हृदय त्या वेळी व्यक्त होते. म्हणून ती ‘दौहृदिनी’. चरक हीच अवस्था तिसऱ्या महिन्यात मानतो. संस्कृत काव्यात जो ‘दोहद’ शब्द येतो तो ध्वनिदृष्ट्या संस्कृत नसून प्राकृतातून परत संस्कृतात गेलेला दिसतो. प्राकृतातील ‘दोहल’ हे त्याचे भावंड, आणि त्यातील ‘द’चा ‘ड’ व ‘ल’चा ‘ळ’ होऊन मराठीत ‘डोहाळा’ आला. (‘दंश’ आणि ‘डसणे’ यांतील द-ड हाच.) मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९२० साली हिंदू कथावाङ्मयातील दोहदावर एक विस्तृत निबंध लिहिला, त्यात या इच्छेभोवती रचलेल्या असंख्य कथांचे वर्गीकरण आहे. आपल्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, मराठी बायका ‘दोन जिवांची आहे’ असे जे म्हणतात ते ‘द्विहृदया’ या कल्पनेचेच लोकभाषेतील रूप आहे. ‘दोन जिवांची आहेस, खा’ हा आग्रह त्या दृष्टीने फार जुना आहे. आजचे वैद्यक त्यावर आक्षेप घेते, आणि प्रमाणापुरता तो आक्षेप रास्तही आहे. परंतु मुळात त्या शब्दाने दोन हृदये सांगितली होती, दोन ताटे सांगितली नव्हती.

मराठीत गर्भिणीच्या देहाविषयी जे शब्द रूढ आहेत त्यांत ‘वजन’ कोठेच नाही. ‘गरोदर’ आणि ‘पोटुशी’ यांत उदर व पोट आहे. ‘जडावली’ यात भार आहे, पण तो तिला स्वतःला जाणवणारा. ‘अवघडलेली’ यात हालचालीची अडचण आहे. बाळंतिणीविषयी ‘बाळंतपण मानवले’ असे म्हणतात, आणि त्याचा अर्थ ती चांगली भरली असा असतो. येथे शरीराची वाढ हे प्रकृतीने कौल दिल्याचे लक्षण आहे. खाल्लेले ‘अंगी लागते’. याउलट ‘अंग सुटणे’, ‘पोट सुटणे’ यांत नापसंती आहे. गंमत अशी की प्रसूतीलाही आपण ‘सुटका’च म्हणतो, आणि तिचा विरोधी शब्द ‘अडणे’ हा आहे. ‘वजन’ हा मूळ अरबी शब्द मराठीत बाजाराबरोबर आणि दरबाराबरोबर आला. माणसाचे ‘वजन’ म्हणजे त्याचा प्रभाव, हा अर्थ त्याने दरबारात मिळविला. देहाच्या संदर्भात तो स्थिरावला तो काट्याबरोबर. वरील सर्व शब्द पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे किंवा वाहणाऱ्या शरीराचे आहेत. ‘वजन’ तेवढे यंत्राचे आहे.

यंत्राचा इतिहास युरोपातील आहे. सांतोरिओ या इटालियन वैद्याने तराजूला टांगलेल्या आसनावर बसून आपल्या शरीराच्या घटबढीचे मापन केले व १६१४ साली ते प्रसिद्ध केले. गर्भिणींचे पद्धतशीर वजन करून ते प्रसिद्ध करण्याचे काम म्यूनिक येथे गासनर यांनी १८६२ मध्ये केले. परंतु केवळ मापनाने चिंता उत्पन्न होत नाही. तिला उद्देश लागतो. तो उद्देश हॅम्बर्गचे लुडविग प्रोखोवनिक यांनी १८८९ साली पुरविला.

प्रोखोवनिक यांची समस्या समजून घेतली नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. औद्योगिक नगरांतील मुलींना सूर्यप्रकाश व सकस अन्न न मिळाल्यामुळे मुडदूस होई आणि त्यांचे कटिरअस्थी वाकडे व अरुंद राहत. अशी मुलगी मोठी होऊन गर्भवती झाली की बाळंतपणात अडत असे. उपाय तीनच होते : मुदतीपूर्वी प्रसूती घडवून आणणे, म्हणजे बहुधा मूल गमावणे, पोट चिरणे, म्हणजे त्या काळी बहुधा आई गमावणे, किंवा पोटातच मुलाचे डोके फोडणे. प्रोखोवनिक यांनी चौथा मार्ग सुचविला. शेवटचे सुमारे सहा आठवडे आईने पाणी, सूप, बटाटे, साखर व बिअर वर्ज्य करावी. मांस, मासे, अंडी, हिरव्या भाज्या खाव्यात. द्रव म्हणून थोडी द्राक्षमदिरा घ्यावी. मूल लहान व कमी मेदाचे जन्मेल आणि सुखरूप बाहेर येईल. त्यांच्या पहिल्या लेखात तीनच स्त्रियांचे वृत्त होते, आणि लेखाच्या शीर्षकातच हा कृत्रिम अकाली प्रसूतीला पर्याय शोधण्याचा ‘प्रयत्न’ असल्याचे म्हटले होते. आईच्या बांध्याचा, तिच्या स्थूलतेचा प्रश्न त्यात कोठेही नव्हता. पुढे मुडदूस हटला, शस्त्रक्रिया निर्धोक झाली, पण आहार आवरण्याचा सल्ला राहिला. कारण गेले आणि कार्य उरले, असे भाषेच्या इतिहासात पदोपदी दिसते. वैद्यकात ते दिसावे याचे मात्र नवल वाटते.

याच जागी दक्षिण कन्नड जिल्ह्यातील एका अभ्यासाचे स्मरण होते. मार्क आणि मिमी निक्टर या मानवशास्त्रज्ञ दांपत्याने १९८३ साली तेथील खेड्यांतील गर्भिणींच्या आहारविषयक समजुती प्रसिद्ध केल्या. अनेक स्त्रिया शेवटच्या महिन्यांत कमी जेवत, कारण पोटात अन्न आणि मूल एकाच जागेसाठी भांडतात असे त्यांचे मत होते. आणि मूल लहान असले तर सुटका सोपी, असेही त्या सांगत. आरोग्यप्रसारकांच्या अहवालांत अशा मतांची गणना अडाणी समजुतींत होते. परंतु ज्या निष्कर्षाला हॅम्बर्गचा विद्वान वैद्य आला त्याच निष्कर्षाला या स्त्रिया स्वतंत्रपणे आल्या होत्या, आणि शस्त्रक्रियेची सोय जवळ नसताना बाळंतपणाचे भय बाळगणाऱ्या माणसाचा तर्क दोन्हीकडे सारखाच होता. एकाला प्रबंध म्हणावयाचे आणि दुसऱ्याला समजूत, हा भेद तर्काच्या गुणावरून केलेला नाही.

दुसरे भय विषाचे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचे हातपाय सुजतात, रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जातात आणि अखेर झटके येऊन प्राणावर बेतते. झटक्यांच्या या अवस्थेस ‘एक्लॅम्प्सिया’ म्हणतात. शरीरात कोठेतरी विष तयार होत असावे या तर्काने या विकारसमूहाला ‘टॉक्सिमिया’, म्हणजे रक्तविषबाधा, हे नाव पडले. विष कधीच सापडले नाही. तरी नाव टिकले, आणि नावाने विचाराला वळण दिले : विष आहे तर ते अन्नातूनच येत असणार, आणि अन्न तोडले तर विष तुटणार. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नटंचाई असताना झटक्यांचे प्रमाण घटल्याचे वृत्त आले व ते या मताला पुरावा म्हणून घेतले गेले. हा विकार मुख्यतः पहिलटकरणींचा, आणि पुरुष आघाडीवर असताना नवी लग्ने व पहिली बाळंतपणे दोन्ही कमी होतात, ही साधी गोष्ट त्या उत्साहात मागे पडली.

सूज म्हणजे शरीरात साठलेले पाणी. पाणी साठले की वजन एकदम चढते. म्हणून वजनाची आकस्मिक वाढ हे धोक्याचे लक्षण आहे, हे १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील डेव्हिस आदी प्रसूतितज्ज्ञांनी मांडले ते योग्यच होते. अनर्थ झाला तो पुढच्या पायरीवर. लक्षणालाच कारण मानले गेले; वजन वाढू दिले नाही तर विकार होणार नाही, असे समीकरण रूढ झाले. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान शिकवितात. येथे धूर कोंडून अग्नी विझविण्याचा उद्योग झाला. अमेरिकेत एकंदर वाढ पंधरा ते वीस पौंडांच्या, म्हणजे सुमारे सात ते नऊ किलोंच्या, आत ठेवण्याचा नियम अनेक दशके चालला. १९५० नंतरच्या वर्षांत त्यासाठी भूक मारणारी अँफेटामिन वर्गातील औषधे आणि लघवी वाढविणारी औषधे गर्भिणींना सर्रास दिली गेली, मीठ तर तोडले गेलेच. वजनकाट्याचे जे भय आज आजीकडून नातीकडे येते त्याचा उगम बव्हंशी या काळात आहे. बांध्याच्या चिंतेने स्त्रिया स्वतःहून उपाशी राहत, असे या काळाविषयी सांगितले जाते. काही राहतही असतील, पण त्यांना उपाशी ठेवण्याची आज्ञा चिठ्ठीवर लिहिलेली होती हे विसरता कामा नये.

या मताला खरा छेद दिला तो स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे. फ्रँक हिटन आणि इसाबेला लीच यांचा मानवी गर्भारपणाच्या शरीरक्रियेवरील ग्रंथ १९६४ साली निघाला. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता : निरोगी, पहिलटकरीण स्त्री कोणताही निर्बंध न पाळता भुकेप्रमाणे जेवली तर तिचे वजन किती वाढते? उत्तर सरासरी साडेबारा किलो असे आले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या साडेबारा किलोंचा जमाखर्च त्यांनी मांडला. मूल सुमारे ३४०० ग्रॅम, वार ६५० ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम, वाढलेले गर्भाशय सुमारे एक किलो, स्तन ४०० ग्रॅम, वाढलेले रक्त सव्वा ते दीड किलो, पेशींबाहेरील पाणी सुमारे दीड किलो, आणि उरलेला साडेतीन किलोंच्या आतबाहेरचा साठा मुख्यतः मेदाचा. हा मेद गर्भारपणाच्या मध्यावर वेगाने साठतो, म्हणजे मुलाची भूक अजून लहान असताना. शेवटच्या महिन्यांत व पुढे अंगावर पाजताना तो उपयोगी पडतो. ज्याला फाजील म्हणून हिणविले जात होते ती बेगमी होती. गृहिणी पावसाळ्यापूर्वी करते तीच, हे सांगावयास एवढ्या मोठ्या ग्रंथाची गरज का पडावी, असे कोणी विचारील. परंतु चरकाच्या हिशेबातही ही बाजू नव्हती. तेथे आईच्या खात्यातून फक्त वजाच होत होते.

अन्न तोडण्याचा परिणाम काय होतो याचा पुरावा तोपर्यंत एका आपत्तीने दिलेलाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदर्लंड्समध्ये दैनंदिन शिधा हजार उष्मांकांच्याही खाली गेला. क्लेमेंट स्मिथ यांनी १९४७ साली त्या काळातील जन्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भारपणाचे शेवटचे महिने ज्यांचे उपासमारीत गेले त्यांच्या मुलांचे सरासरी वजन सुमारे तीनशे ग्रॅमनी घटले होते. १९६८ मध्ये ईस्टमन व जॅक्सन यांनी अमेरिकेतील नोंदींवरून आईची वाढ आणि मुलाचे वजन यांचा संबंध पुन्हा दाखविला, आणि १९७० साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने जुना निर्बंध सोडून वीस ते पंचवीस पौंडांची वाढ योग्य ठरविली. १९९० मध्ये आईच्या मूळ बांध्याप्रमाणे निरनिराळे आकडे आले. २००९ साली ते सुधारले गेले : कृश स्त्रीला साडेबारा ते अठरा किलो, मध्यम बांध्याच्या स्त्रीला साडेअकरा ते सोळा, जादा वजनाच्या स्त्रीला सात ते साडेअकरा, आणि स्थूल स्त्रीला पाच ते नऊ. म्हणजे स्थूल स्त्रीपुरता आकडा पुन्हा १९३०-४० च्या जवळ आला आहे. कारण मात्र आता विष नाही, मधुमेह व रक्तदाब आहे.

आपल्याकडील परिस्थिती या सर्वाहून निराळी आहे. गरीब भारतीय स्त्रीची गर्भारपणातील वाढ विसाव्या शतकाच्या मध्यावर सहा किलोंच्या आसपास आढळत होती. हिटन-लीच यांच्या जमाखर्चात ती बसवून पाहावी : मूल, वार, पाणी आणि रक्त यांतच ती संपते, बेगमीला काही उरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील साउथँप्टनच्या कॅरोलाइन फॉल आदींनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेला अभ्यास या बाबतीत जगन्मान्य आहे. तेथील मातांचे गर्भारपणापूर्वीचे वजन सरासरी बेचाळीस किलोंच्या जवळपास होते आणि मुलांचे पावणेतीन किलोंच्या आत. साउथँप्टनच्या साडेतीन किलोंच्या मुलांशी त्यांची तुलना केली तेव्हा असे दिसले की, या मुलांचे स्नायू व उदर कमी भरलेले असले तरी त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. कृश असूनही मेदस्वी, असे हे मूल. पुढे मधुमेहाकडे झुकणारे. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक खाणाऱ्या मातांची मुले मोठी होती, आणि शेतातील जड कामे करणाऱ्या मातांची लहान. वजनाच्या चिंतेचा विचार करताना हे दुसरे वाक्य सहसा गाळले जाते.

केंद्र शासनाच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत परिचारिकांना सांगितले आहे की एकंदर वाढ नऊ ते अकरा किलो असावी, पहिल्या तीन महिन्यांनंतर महिन्याला सुमारे दोन किलो. आणि महिन्यात तीन किलोंहून अधिक वाढली तर रक्तदाब, जुळे किंवा मधुमेह यांचा संशय घ्यावा. या एकाच परिच्छेदात कमी वाढीची चिंता आणि अधिक वाढीची चिंता शेजारीशेजारी आहेत, आणि दोहोंत भेद करण्याचे काम काट्याजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्या वाणीवर सोपविलेले आहे. ब्रिटनमध्ये हिटन यांनीच १९९० साली असा प्रश्न विचारला की गर्भिणीचे वारंवार वजन करण्याचा खरोखर उपयोग आहे काय; पुढे २००८ च्या तेथील राष्ट्रीय मार्गदर्शिकेने उपचारात फरक पडणार असेल तेव्हाच पुन्हा वजन करावे असे म्हटले. तेथे हा निर्णय शोभतो. बेचाळीस किलोंच्या स्त्रीचा काटा मात्र काढून घेता येणार नाही, कारण तिच्या ताटात काय पडते याची दुसरी साक्ष सरकारदरबारी नाही. आमच्या विभागातील विवाहित विद्यार्थिनी मात्र ज्या आकड्यांनी धास्तावतात ते या स्त्रीचे नसतात, हेही खरे आहे. त्यांच्यापुढे २००९ चा तक्ता असतो, कानांत १९५० ची बंदी आणि घरात सासूबाईंचा दोन जिवांचा आग्रह.

या विषयाची भाषिक बाजू अद्याप फारशी तपासली गेलेली नाही. बोलींच्या पाहणीसाठी खानदेश, कोकण, मराठवाडा व विदर्भ या भागांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी नातेवाचक व शेतीविषयक शब्दांबरोबर गर्भिणीच्या देहाविषयीचे शब्दही टिपावेत. भरणे, सुटणे, जडावणे, अवघडणे, मानवणे यांचे प्रदेशपरत्वे अर्थ काय. कोणते शब्द बायका आपसात वापरतात आणि कोणते दवाखान्यात. ‘वजन’ हा शब्द कोणत्या पिढीपासून घरात आला. आणि परिचारिकेने सांगितलेला आकडा घरी पोहोचेपर्यंत कोणत्या शब्दात सांगितला जातो, एवढे चार प्रश्न प्रश्नावलीत घातले तरी पुढील अंकासाठी पुरेशी सामग्री हाती येईल.